बाप नावाचा प्राणी

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक काका आहेत, रोज पहाटे सुविचार टाकणारे. पोरगं लहान असताना मी त्याला आंघोळ घालतोय असा एक फोटो बायकोने ग्रुपवर टाकला, तर काकांचा लगेच मेसेज, "अरे ही बायकांची कामं, निसर्गानेच तसं ठरवून दिलंय, प्राण्यांमध्ये बघ, पिल्लं सांभाळते ती आई, नर नुसता हिंडतो." त्यावर सगळ्या आत्या-मावश्यांचे नमस्कार. मी पण "हो काका" लिहिलं आणि सोडून दिलं, सकाळी सकाळी कोण वाद घालत बसणार. पण ते "प्राण्यांमध्ये बघ" डोक्यात राहिलं. म्हटलं ठीक आहे, बघतो. आणि बघायला मला ना आफ्रिकेत जावं लागलं ना डिस्कव्हरी लावावं लागलं, नाशिक जिल्ह्यातच इतका मसाला आहे की काकांना एका मेसेजमध्ये उत्तर देणं शक्यच नाही, म्हणून इथे लिहितोय.

सुरुवात कबुतरापासून, कारण ते सगळ्यांच्याच डोक्यावर बसलंय. आमच्या सोसायटीच्या डक्टमध्ये कबुतरांची पिढ्यानपिढ्यांची वस्ती आहे, अर्ध्या फ्लॅटवाल्यांनी जाळ्या मारून घेतल्यात, उरलेले अर्धे मीटिंगमध्ये भांडतात. पण ह्या घाण करणाऱ्या, भिकार घरटं बांधणाऱ्या (चार काड्या आणि एखादी वायर, झालं घरटं) पक्ष्याचा नर स्वतःच्या पिल्लाला दूध पाजतो हे आमच्या सोसायटीत कोणाला माहिती नाही. हो, दूध. आणि नर पण. कबुतराच्या गळ्याखाली दाणे साठवायची एक पिशवी असते, अंडी फुटायच्या काही दिवस आधीपासून तिचं आतलं अस्तर जाड व्हायला लागतं, त्याच्या पेशींमध्ये फॅट आणि प्रोटीन भरतं आणि त्या सुटून पनीरच्या चुऱ्यासारखा एक पिवळसर पदार्थ तयार होतो. नर आणि मादी दोघांच्याही गळ्यात. पिल्लू आईबापाच्या चोचीत चोच घालून ते ओढून घेतं आणि पहिले काही दिवस दुसरं काहीही खात नाही. अंडी उबवायची पण शिफ्ट ठरलेली, साधारण सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत नर बसतो, बाकीचा वेळ आणि रात्रभर मादी. म्हणजे दुपारी बारा वाजता तुम्ही खिडकीतून ज्या कबुतराला शुक् शुक् करताय ते बहुतेक बापच असतंय.

आता ह्याच्यातली खरी गंमत पुढे आहे. हे दूध ज्या हार्मोनमुळे तयार होतं त्याचं नाव प्रोलॅक्टिन. बाळंतपणानंतर बाईला दूध येतं ते पण ह्याच हार्मोनमुळे. आणि १९३० च्या दशकात ऑस्कर रिडल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने ह्या हार्मोनला प्रोलॅक्टिन हे नाव दिलं ते कबुतरांवरच्या कामातून. म्हणजे हार्मोन आहे की नाही हे तपासायची तेव्हाची पद्धतच अशी की कबुतराला टोचायचं आणि त्याची गळ्यातली पिशवी किती वाढते ते बघायचं. ज्या हार्मोनशिवाय "आईचं दूध" शक्य नाही त्याची परीक्षा कबुतराच्या गळ्यावर व्हायची! हे मी काकूंना सांगितलं, काकांना नाही. काकू म्हणाल्या, "त्यांना सांगू नको रे बाबा, उद्यापासून कबुतरांना पण सुविचार पाठवतील."

असं गळ्यातलं दूध अजून दोनच ठिकाणी माहिती आहे. एक रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. त्यांचं दूध तर लालभडक असतं, खाण्यातून अंगात आलेला रंग आईबाप पिल्लाला देतात आणि स्वतः फिके पडत जातात. दुसरा एम्परर पेंग्विन, तिथे नर अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात दोन महिने अंडं पायावर घेऊन उभा असतो, त्याच्या आधीपासूनचा उपास धरला तर जवळजवळ चार महिने पोटात काही नाही, आणि तरी मादी समुद्रावरून यायला उशीर झाला तर पिल्लाला स्वतःच्या घशातून थोडंसं दूध काढून देतो. ह्यांना कोणी पितृदिनाचं स्टेटस ठेवत नाही.

बरं, हा झाला आदर्श बाप. काका म्हणतील अपवाद आहे. मग चला कसमादे पट्ट्यात.

सटाणा, मालेगाव, देवळा, कळवण ह्या भागात डाळिंबाच्या बागेत फुलोऱ्याच्या वेळी मधमाश्यांच्या पेट्या ठेवलेल्या दिसतात. त्या पेटीतल्या कामकरी माश्या सगळ्या माद्या हे बऱ्याच जणांना माहिती असतं. पण त्यातला जो नर असतो, जाडा, मोठ्या डोळ्यांचा, नांगी नसलेला, त्याला बापच नसतो. राणी अंडं घालताना त्याच्यात नराचं बीज मिसळलं तर मादी, नाही मिसळलं तर नर. सायलेशियातले (आता तो भाग पोलंडमध्ये आहे) यान झिएर्झोन नावाचे एक पाद्री होते, मधमाश्या पाळायचे, त्यांनी १८४५ साली हे मांडलं तेव्हा लोकांना ते पचलं नव्हतं, साहजिकच आहे, पाद्रीबुवांनी बिनबापाच्या पोराची गोष्ट सांगायची म्हणजे काय. मादीत ३२ गुणसूत्रं, नरात १६, अर्धीच.

आता नातीगोती लावून बघा, डोकं चक्रावतं. ह्या नराला वडील नाहीत पण आजोबा आहेत, आईचे वडील. त्याला स्वतःला मुलगा कधीच होऊ शकत नाही, झाल्या तर मुलीच, पण नातू होऊ शकतो. आणि त्याची वंशावळ मागे मोजत गेलात तर पालक १, आजी-आजोबा २, पणजी-पणजोबा ३, त्याच्या मागे ५, मग ८... गणितवाल्यांना ही मालिका ओळखीची वाटेल, फिबोनाचीचीच आहे (मागच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा). आपल्या लग्नपत्रिकेवर "कै. अमुक तमुक यांचे पणतू" लिहायची हौस असते ना, ह्याची पत्रिका छापायला दिली तर छापणारा पैसे परत करेल.

आणि एवढं करून ह्या नराच्या वाट्याला काय येतं? राणीशी उडता उडता समागम झाला की त्याचा अवयव तुटून तिच्यात राहतो आणि हा खाली पडून मरतो. ज्यांना संधी मिळत नाही ते पेटीत बसून मध खातात, आणि चाऱ्याची टंचाई आली की कामकरणी त्यांना ओढून बाहेर काढतात. घरकाम करत नाही म्हणून हाकललेला नर, काका!

द्राक्षातला किस्सा मला ह्याच्यापेक्षाही भारी वाटतो आणि तो फारसं कोणी सांगत नाही. माझा एक मित्र दिंडोरी साईडला बागायतदार आहे, त्याच्याकडे मिलीबगचं नाव काढलं की तो पहिले शिव्या देतो मग बोलतो. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण, पांढरं पीठ लावल्यासारखा किडा, खोडाच्या सालीखाली लपतो, मग घडात शिरतो, चिकट गोड पाणी सोडतो, त्याच्यावर काळी बुरशी चढते, मुंग्या त्या गोडासाठी येतात आणि उलट मिलीबगच्या शत्रूंनाच हाकलतात. असा घड एक्सपोर्टच्या कामाचा राहत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर ह्या एका किड्यावर किती रुपयांची औषधं जातात ते त्यालाच विचारा.

पण तो जो पांढरा किडा आपल्याला दिसतो ती मादी. नर कधी बघितलाय का विचारलं तर मित्र म्हणाला ह्याच्यात नर पण असतो का भो? असतो. बारीक चिलटाएवढा, पंखांची एक जोडी, आणि तोंडच नाही. म्हणजे खायचं तोंड नाही, मोठा झाल्यावर तो काही खाऊच शकत नाही, दोन-चार दिवस जगतो, मादी शोधतो, संपला. आणि ह्याच्या पेशीत जे चालतं ते फार विचित्र आहे. ह्याला बाप असतो, मधमाशीच्या नरासारखा बिनबापाचा नाही, बापाकडून गुणसूत्रांचा पूर्ण संच येतो. पण गर्भ अगदी लहान असतानाच बापाकडून आलेला संच घट्ट गुंडाळून गप्प केला जातो, आयुष्यभर जवळजवळ काही कामाचा राहत नाही, आणि ह्या नराचं बीज तयार होताना तो संच चक्क टाकून दिला जातो. पुढच्या पिढीला जातं ते फक्त ह्याच्या आईकडून आलेलं. म्हणजे मुलाच्या बाबतीत बापाचं नाव सातबाऱ्यावर लागतं पण वारसा एका पिढीत खलास. मुलींमध्ये असं होत नाही, तिथे दोन्ही संच नीट चालतात. ही गोष्ट शास्त्रज्ञांना जवळपास १०० वर्षांपासून माहिती आहे आणि हे असं का होतं ह्याच्यावर अजून डोकेफोड चालू आहे. मित्राला हे सगळं सांगितलं, त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्याच्यावर औषध निघालं का काही?"

बापच नको असं ठरवलेली मंडळी पण आहेत आणि ती आपल्या कुंड्यांमध्ये राहतात. गंगापूर रोडवरच्या कुठल्याही नर्सरीतून आणलेली कुंडी पावसाळ्यात उलटी केली तर कधीतरी एक काळपट चकचकीत गांडूळ वळवळताना दिसतं, ते गांडूळ नसून वाळा नावाचा साप असू शकतो. जेमतेम वीतभर लांब, बिनविषारी, डोळे म्हणजे खवल्यांखाली दोन ठिपके, मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या खातो. तो कानात जातो असं आमच्याकडे म्हणायचे, काहीही. ओळखायची खूण एकच, गांडुळाच्या अंगावर वळ्या असतात, ह्याच्या नसतात, आणि नीट बघितलं तर इवलीशी जीभ आत-बाहेर करतो. करतो नाही, करते. कारण ह्या जातीत सगळ्या माद्याच आहेत. नराची भानगडच नाही. मादी स्वतःच अंडी घालते, त्यातून तिच्याच प्रती निघतात. आणि त्यामुळे झालंय काय, की नवीन जागी वस्ती करायला जोडी लागत नाही, एका कुंडीतून एक साप गेला तरी पुरतं. अशीच कुंड्यांच्या मातीतून ही बाई आशियातून निघून हवाई, फ्लोरिडा कुठे कुठे पोचली, जगातल्या सगळ्यात जास्त पसरलेल्या सापांमध्ये तिचं नाव घेतात. पासपोर्ट नाही, नवरा नाही. (कुंडीत सापडली तर मारू नका हो, बाजूच्या मातीत सोडा, ती तुमची वाळवीच खाणार आहे.)

जाता जाता, अमेरिकेत कॅलिफोर्निया कॉन्डॉर नावाच्या अवाढव्य गिधाडांची पैदास बंदिस्त ठेवून करतात, तिथे २०२१ साली जनुकीय तपासण्यांवरून कळलं की दोन पिल्लांना बाप नव्हता. आणि त्या दोन्ही आयांच्या पिंजऱ्यात धडधाकट नर हजर होते! त्या नरांचं काय झालं असेल विचार करा.

उंबराचं तर सगळ्यांना माहिती असतं की फोडलं की किडे निघतात, आजी म्हणायची उंबर फोडून बघू नये, तसंच खावं. पंचवटीत, गोदाकाठाला, प्रत्येक दत्ताच्या देवळाजवळ उंबर आहे आणि प्रत्येक उंबराच्या आत एक पूर्ण संसार चालू असतो. उंबराची फुलं फळाच्या आतल्या बाजूला असतात, बाहेर दिसतच नाहीत. एक बारीकशी गांधीलमाशी, मुंगीपेक्षा लहान, फळाच्या तोंडाच्या बारीक छिद्रातून आत घुसते, घुसताना बहुतेक वेळा तिचे पंख तुटतात, आत परागकण पोचवते, अंडी घालते आणि तिथेच मरते. मग पिल्लं होतात. त्यात नर आधी बाहेर येतात, पंख नाहीत, नजर जवळजवळ नाही, आणि ते काय करतात तर अजून कोशात असलेल्या माद्यांशी जोडी जमवतात, मग फळाच्या भिंतीला भोक पाडतात, माद्या त्या भोकातून परागकण घेऊन उडून जातात, आणि नर तिथेच संपतो. उंबराच्या बाहेर जग आहे हे त्याला कधी कळतच नाही. माद्यांसाठी दार उघडून देणं एवढंच काय ते बापाचं काम, आणि खरं सांगू, एवढं जरी मनापासून केलं तरी खूप आहे.

आणि तीच उंबरं खायला येणारा धनेश! नाशकात जुन्या मोठ्या झाडांच्या भागात राखी धनेश दिसतो, वाकडी चोच, कर्कश्श ओरडतो. त्याची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि स्वतःच्या विष्ठेने ढोलीचं तोंड लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते. आत तिची पिसं गळतात, म्हणजे ती उडायची पण नाही. मग आठवडेच्या आठवडे नर त्या फटीतून तिला आणि नंतर पिल्लांना भरवतो, एकेक फळ घशातून वर काढून देतो. आता हा काकांच्या थिअरीत बसतो का? अर्धा बसतो, कमावून आणतोय. पण मग कबुतर नाही बसत.

काकांच्या बाजूचे पण आहेत, नाही कशाला म्हणू. निफाडच्या उसातला बिबट्या घ्या, पिल्लं वाढवणं शंभर टक्के मादीचं काम. ऊसतोडीत बछडे सापडले की वनखात्याची माणसं ते क्रेटमध्ये त्याच जागी ठेवतात आणि रात्री मादी येऊन एकेक उचलून नेते, त्याचे व्हिडिओ तुम्ही बघितलेच असतील. नराला त्यात इंटरेस्ट नाही, उलट दुसऱ्याची पिल्लं असली तर मारून टाकतो. कोकीळ तर नवराबायको दोघंही पळपुटे, अंडं कावळ्याच्या घरट्यात, आणि कधी कधी नर कावळ्याला नादी लावतो तोवर मादी आत जाऊन अंडं घालून येते. पहाटे पहाटे जो कुहूकुहू करतो आणि आपण कौतुक करतो तो हाच गृहस्थ.

मला म्हणायचंय ते एवढंच की "निसर्गात असं असतं" हे वाक्य कोणत्याही बाजूने वापरता येत नाही, मी पण माझ्या बाजूने वापरत नाहीये. मी पोराला आंघोळ घालतो ते कबुतर दूध पाजतं म्हणून नाही, पोरगं मळकं असतं म्हणून.

इगतपुरीकडच्या भातखाचरात पाण्यातला एक चपटा तपकिरी किडा असतो, ढेकणाच्याच गणातला, पावसाळ्यात दिव्याखाली पण येऊन पडतो. त्याच्यातल्या नराच्या पाठीवर मादी अंडी चिकटवून निघून जाते. पाठभर अंडी, ओळीत लावलेली. अंडी फुटेपर्यंत हा उडू शकत नाही, नीट पोहता येत नाही, आणि तरी वर-खाली करत राहतो कारण अंड्यांना ओल पण पाहिजे आणि हवा पण. पाठीवरून काढली तर अंडी वाचत नाहीत. अमेरिकेतल्या ह्याच्या एका भावकीवर रॉबर्ट स्मिथ यांनी १९७९ साली लिहिलंय की तिथला नर मादीला अशी फुकटात अंडी घालू देत नाही, थोडी घातली की परत समागम, परत थोडी, परत समागम, म्हणजे पाठीवरचं ओझं आपलंच आहे ह्याची खात्री. हुशार आहे. डासांच्या अळ्या पण खातो, बोनस.

आणि शेवटी ज्याच्यासाठी तुम्ही गाडी काढून जायला पाहिजे तो, कमळपक्षी. नांदूर मध्यमेश्वर, गोदावरी आणि कादवेचा संगम, निफाड तालुका, रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. लोक तिथे डिसेंबर-जानेवारीत झुंडीने जातात, बदकं बघतात, चापडगावच्या मनोऱ्यावर सेल्फी काढतात, परत येताना मिसळ. त्या गर्दीत पाण्यावरच्या पानांवरून लांबलचक बोटं टाकत चालणारा हा पक्षी दिसला तर दिसला.

ह्यांच्यात मादी आकाराने मोठी आणि भांडखोर. एका मादीचे एका हंगामात अनेक नवरे, प्रत्येकाच्या घरट्यात चार अंडी घालून द्यायची आणि पुढे. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं, सगळं नराकडे. धोका वाटला तर कांस्यपंखी जातीचा नर पिल्लांना पंखाखाली घेतो आणि तसाच चालायला लागतो, त्याच्या बगलेतून पिल्लांचे लांब लांब पाय लोंबकळताना दिसतात, एकाच पक्ष्याला आठ-दहा पाय असल्यासारखे. मादी तेवढ्यात हद्द राखत असते, दुसऱ्या माद्यांना हाकलत. हे ऐकून कोणाला वाटेल वा काय छान उलटापालट, तर थांबा. मध्य अमेरिकेतल्या ह्यांच्या नात्यातल्या एका जातीत नवीन मादीने हद्द जिंकली की ती आधीच्या मादीची पिल्लं मारून टाकते, म्हणजे नर मोकळा झाला आणि तिची अंडी घ्यायला तयार. सिंहांमध्ये जे नर करतात तेच, फक्त बाजू बदललेली. कामं अदलाबदल झाली की त्यासोबतची क्रूरता पण अदलाबदल होते असं दिसतंय, हे मला अजून नीट पचलेलं नाही.

तर जायचं असेल तर पावसाळ्यात जा, जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा ह्यांची वीण चालू असते. रस्ता चिखलाचा असतो, गर्दी नसते, दुर्बीण न्या. लांब शेपटीवाली जात ओळखायला सोपी, काळी लांब शेपूट, मानेवर पिवळा पट्टा, आणि ती शेपूट नर-मादी दोघांनाही असते त्यामुळे शेपटीवरून नर-मादी ठरवायला जाऊ नका, जोडी शेजारी शेजारी दिसली तर मोठी ती मादी. आणि शेपूट बघायची तर हिवाळ्याची वाट बघत बसू नका, तोवर ती गळून गेलेली असते.